रिपोर्ट लॅबचा, फोन भलत्याचा

कोल्हापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. खासगी लॅबमध्ये साखर तपासली, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला आणि दोन दिवसांत 'डायबेटिस मुळापासून घालवणारं' चूर्ण विकणाऱ्याचा फोन: "मॅडम, तुमची एचबीए१सी ८.४ आली ना?" आता रोजच फोन येतात. लॅब हात झटकते. घरचे म्हणतात, ब्लॉक कर नि विसर. ताई विचारतात, पाच लाखांची भरपाई मागू का?

ताई, विसरू नका. ब्लॉकही एवढ्यात करू नका, कारण ते फोन आणि मेसेज हाच तुमचा पुरावा आहे. तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: लॅबनं पावतीवर तुमच्या आडनावातलं एक अक्षर चुकवलं आणि चूर्णवाल्याच्या मेसेजमध्येही नेमकं तेच चुकलंय. "आमच्याकडून काही गेलं नाही" म्हणणाऱ्यांनी आता याचा खुलासा करावा. पावती, रिपोर्ट, मेसेज फाईलला लावा. स्क्रीनशॉट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा, नाहीतर समोरचा वकील तिथेच अडवेल. तोवर मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका.

हल्ली जो तो डेटा संरक्षणाच्या नव्या कायद्याचं नाव घेतो. कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने. त्यातला दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. तुम्हाला छदामही नाही.

तुमची जागा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा दिल्या आहेत. ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं, हे त्यात स्पष्ट आहे. वकिलांचंही त्या ओळीकडे फारसं लक्ष जात नाही.

लॅब बहुधा फॉर्मवरच्या सहीकडे बोट दाखवेल. सही केली होती का? 'सहयोगी कंपन्यांना माहिती देऊ' असं त्यात काही होतं का? प्रत मागून घ्या. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आरोग्याची माहिती संवेदनशील धरली आहे. करारातच तसं ठरलेलं नसेल, तर ती दुसऱ्याला देण्याआधी परवानगी लागते. तशी अट सापडलीच, तर 'अन्यायकारक करार' म्हणून जिल्हा आयोगात भांडू नका, तो विषय राज्य आयोगाचा. तक्रार अनुचित प्रथेचीच ठेवा.

आधी लॅबच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्पीड पोस्टानं पत्र पाठवा: माहिती कुणाला, कधी, कशाच्या आधारे दिली? त्याला महिन्याची मुदत असते. दाद लागली नाही, तर कोल्हापूर जिल्हा आयोग. कंपनी मुंबईची असली तरी राहत्या ठिकाणी तक्रार चालते. तपासणीला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आतली, म्हणून शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. दोन वर्षांच्या आत मात्र दाखल करा.

पाच लाख मागायला कुणी अडवणार नाही, पण आकडा फुगवला की चांगली तक्रारही पातळ दिसते. हजारांत मागा आणि सोबत ही प्रथा बंद करण्याचा आदेश मागा. माझ्या मते तोच जास्त झोंबेल.

चूर्णवाल्याचे नंबर १९०९ वर, म्हणजे नकोशा फोन-मेसेजच्या तक्रारींच्या क्रमांकावर, नोंदवा. पुढचा फोन आला की रेकॉर्डिंग लावून शांतपणे विचारा, "माझा नंबर कुठून मिळाला हो?" विकायच्या घाईत ही माणसं बोलून जातात.