वाचकांचे प्रश्न : सागरी आणि विमान विम्यात शिरताना

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विमानांच्या विम्यातच काम करायचं आहे. कोर्स कोणता करू? अर्ज कुठे करू? (डोंबिवली)

इच्छा चांगली आहे, पण थेट त्या खात्याच्या दारात जाऊन थांबू नका. विमान कंपनी आपल्या सगळ्या ताफ्याचा विमा बहुधा वर्षातून एकदा, एकत्रच उतरवते. रक्कम इतकी मोठी असते की आपल्याकडची विमा कंपनी त्यातला थोडाच वाटा स्वतःकडे ठेवते. बाकीची जोखीम रीइन्शुरन्समधून, म्हणजे विमा कंपनीने दुसऱ्या कंपनीकडे उतरवलेल्या विम्यातून, लंडनसारख्या बाजारांत वाटली जाते. त्यामुळे हे काम बघणारी माणसं मोजकीच, आणि नव्या पदवीधराला तिथे सहसा घेत नाहीत. आत जायच्या वाटा दोन : मरीन कार्गो, म्हणजे वाहतुकीतल्या मालाचा विमा, किंवा रीइन्शुरन्स ब्रोकरचं ऑफिस. आमचं मत विचाराल तर कार्गो. तिथे क्लेम रोज येतात, आणि पॉलिसी कळते ती क्लेम बघूनच.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा तीन पायऱ्यांच्या आहेत : लायसन्शिएट, असोसिएट, फेलो. लायसन्शिएटला बारावी पुरते, म्हणजे पदवीची वाट न बघता आत्ताच नाव नोंदवता येईल. पुढच्या पायऱ्यांवर मरीनचा आयसी-६७ आणि रीइन्शुरन्सचा आयसी-८५ हे पेपर मुद्दाम घ्या. फोर्टमधली न्यू इंडिया अॅश्युरन्स आणि चर्चगेटची सरकारी रीइन्शुरन्स कंपनी जीआयसी री यांच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. निवड झाली तरी खातं मात्र आपल्या पसंतीचंच मिळेल, असं नाही.

तोवर एव्हीएन १सी हा विमान पॉलिसीचा लंडनचा नमुना वाचायला घ्या. त्याचे मुख्य भाग तीन : विमानाचं नुकसान, त्रयस्थांबद्दलचं दायित्व आणि प्रवाशांबद्दलचं दायित्व. खरा अभ्यास अपवादांचा आहे. इंजिनात पक्षी घुसला आणि त्या एका घटनेची नोंद झाली, तर ते नुकसान धरलं जातं. धूळ-वाळूने पाती हळूहळू झिजली, तर तो देखभालीचा खर्च. इंजिन तेच, पाती तीच, पण एका बाबतीत पैसे मिळतात आणि दुसऱ्या बाबतीत नाहीत. हा फरक नीट सांगता आला तर मुलाखतीत तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

प्रश्न : न्हावा शेव्याच्या एका सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात) सहा वर्षं काम करतो. बी.एस्सी. आहे. मरीन सर्व्हेअर (मालाच्या नुकसानीची पाहणी करणारा) होता येईल का? (उरण)

होता येईल, आणि तुमची सहा वर्षं वाया जाणार नाहीत. लायसन्स विमा नियामक आयआरडीएआय देते. त्यासाठी नुसती बी.एस्सी. पुरत नाही. इंजिनिअरिंगची पदवी, सीए किंवा वर सांगितलेल्या संस्थेची असोसिएट अथवा फेलो अशी पात्रता लागते. तुमच्यासाठी असोसिएटच सोयीची. त्यानंतर लायसन्सधारक सर्व्हेअरच्या हाताखाली १२ महिन्यांची उमेदवारी, मग सर्व्हेअरची परीक्षा आणि सर्व्हेअरांच्या संस्थेचं सभासदत्व. उमेदवारी अशाच माणसाकडे करा ज्याच्या लायसन्सवर मरीन कार्गो खातं आहे, नाहीतर वर्ष मोटारीच्या गॅरेजांत जाईल.

हातचं काम आजपासून शिकता येतं. कंटेनर उघडण्याआधी त्याच्या नंबरचा आणि सीलचा फोटो घ्या, सील नंबर बिल ऑफ लेडिंगशी (माल चढवल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीशी) ताडून बघा, मगच सील तोडा. माल उतरल्यावर आत उभं राहून दारं बाहेरून बंद करायला सांगा. बाहेर एक माणूस दाराशी उभा असलाच पाहिजे. छताला किंवा कोपऱ्याला उजेडाचा ठिपका दिसला, तर पाणी शिरायची जागा सापडली.

माल भिजला असेल तर सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करावी लागते. तपकिरी बाटलीतल्या पातळ द्रावणाचा एक थेंब ओल्या जागी टाकायचा. दुधाळ पांढरा साका आला तर क्लोराइड आहे, म्हणजे समुद्राच्या पाण्याचा संशय बळावतो. काहीच झालं नाही तर पावसाचं पाणी किंवा कंटेनरच्या आत हवेतल्या बाष्पाचं धरलेलं पाणी. चूक इथेच होते. हाताच्या घामातही मीठ असतं, खारवलेल्या चामड्यात तर असतंच. म्हणून हातमोजे घाला आणि त्याच मालाच्या कोरड्या, न भिजलेल्या भागावर दुसरा थेंब टाकून तुलना करा. कोरड्या भागावरही दुधाळ झालं तर पहिल्या थेंबाने काहीच सिद्ध होत नाही. द्रावण कातडीला लागलं तर काळे डाग पडतात आणि ते दिवसेंदिवस जात नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? मालाच्या विम्याच्या ठरीव कलमांचे, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसचे, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे तीन संच आहेत. ‘बी’ संचात कंटेनरमध्ये शिरलेलं समुद्राचं पाणी येतं, पावसाचं येत नाही. ‘सी’ संचात दोन्ही नाहीत. ‘ए’ संचात दोन्ही येतात, पण पॅकिंगच कच्चं होतं असं दिसलं तर तिथेही क्लेम अडतो. तुमच्या अहवालातल्या एका ओळीवर क्लेमचा निकाल फिरू शकतो.

प्रश्न : जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. किनाऱ्यावर हलच्या (खुद्द जहाजाच्या विम्याच्या) कामात येता येईल का? (माहीम)

येईल. हल सर्व्हे, पी अँड आय क्लबांचे (त्रयस्थांबद्दलच्या दायित्वाचा विमा देणाऱ्या जहाजमालकांच्या संघांचे) मुंबईतले प्रतिनिधी, ब्रोकरांचे क्लेम विभाग अशा जागा आहेत. मरीन इंजिनिअरचं फर्स्ट क्लासचं प्रमाणपत्र काढूनच उतरा. त्यावाचून हलच्या सर्व्हेत तुमच्या सहीला वजन येत नाही.

प्रश्न : मुलाला बॅलार्ड इस्टेटच्या एका ब्रोकरकडे मरीन डेस्कवर नोकरी लागली आहे. सुरुवातीला त्याने कशाला जपावं? (विलेपार्ले)

सगळ्यात आधी डिक्लेरेशनला. ओपन पॉलिसीवर, म्हणजे अनेक खेपांसाठी एकदाच घेतलेल्या पॉलिसीवर, प्रत्येक खेप कंपनीला कळवायची असते, आणि नव्या माणसाच्या हातून नेमकी तीच राहते. नुकसान झाल्यावर कळवलेल्या खेपेकडे कंपनी संशयाने बघते. दुसरं, विम्याची रक्कम. सीआयएफ किंमत (माल, विमा आणि भाडं मिळून) अधिक १० टक्के हा रिवाज आहे. म्हणजे ४० लाखांच्या मालाला ४४ लाख. तिसरं, विक्रीची अट. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय विक्री-अटींत सीआयएफला वर सांगितलेल्या ‘सी’ संचाएवढं किमान संरक्षण चालतं, सीआयपीला (ठरल्या ठिकाणापर्यंतचं भाडं आणि विमा विक्रेत्याने भरायची अट) मात्र ‘ए’ लागतं. युद्ध आणि संपाची कलमं या तिन्ही संचांबाहेर आहेत, ती वेगळी मागून घ्यावी लागतात.

मुदतींचा तक्ता त्याने टेबलावर चिकटवून ठेवावा. सागरी माल शेवटच्या बंदरात उतरल्यापासून ६० दिवसांनी संरक्षण संपतं, विमानाने आलेल्या मालाचं ३० दिवसांनी. माल आधी मुक्कामाच्या गोदामात पोचला तर त्याही आधी. वरून न दिसणारं नुकसान असेल तर जहाज कंपनीला ३ दिवसांत लेखी कळवायचं. विमान कंपनीला आंतरराष्ट्रीय खेपेबाबत १४ दिवसांत, आणि माल नुसता उशिरा आला असेल तर २१ दिवसांत. ही पत्रं मालधनी विसरतो, मग वाहतूकदाराकडून वसुली करणं विमा कंपनीला जड जातं आणि दोष ब्रोकरवर येतो.

जनरल अॅव्हरेजही समजून घ्यावं. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये अडकलं, तेव्हा मालकांनी ते जाहीर केलं होतं. अशा वेळी ज्याच्या मालाला ओरखडाही गेलेला नाही, त्यालाही जहाज वाचवण्याच्या खर्चात वाटा उचलावा लागतो. विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते आणि कंटेनर सुटतो. नसेल तर मालधन्याला आधी रोख अनामत भरावी लागते. असा फोन आला की मुलाने लगेच तीन कागद मागवावेत : इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग आणि जहाज कंपनीकडून आलेला अॅव्हरेज बाँडचा, म्हणजे हा वाटा भरण्याच्या लेखी कबुलीचा, कोरा फॉर्म.