व्हिएतनामला जाताना डोंग (तिथलं चलन) भारतातूनच घ्यावेत की डॉलर न्यावेत?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं आणि आई-बाबा आठ दिवस हनोई, हालाँग आणि हो ची मिन्ह सिटी करणार आहात, हॉटेलं आधीच बुक आहेत, आणि रुपयाचे डॉलर, मग डॉलरचे डोंग असं दोनदा बदलण्यात नुकसान होईल म्हणून इथूनच डोंग घ्यायचा विचार आहे. हा विचार सोडा. डॉलर न्या, तेही शंभराच्या नोटांत.

दोनदा बदलण्याची भीती बहुतेकांना वाटते. पण तोटा किती वेळा बदललं यावर ठरत नाही, दर वेळी खरेदी-विक्रीच्या भावात किती अंतर आहे यावर ठरतो. डॉलरची उलाढाल मुंबई-पुण्यात रोज होते, त्यामुळे फॉरेक्सवाले (परकीय चलन विकणारे) एकमेकांच्या चढाओढीत भाव आवळून ठेवतात. डोंगला इथे गिऱ्हाईक कमी, माल पडून राहतो, मग तो धोका तुमच्याकडून वसूल होतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, फोन करून बघा. दोन-तीन फॉरेक्सवाल्यांना एकच विचारा: सगळे कर आणि चार्जेस धरून एक लाख रुपयांत हातात किती डोंग देणार? मग तेवढ्याच पैशांत किती डॉलर मिळतात ते विचारा आणि हनोईतली बँक त्या दिवशी रोख डॉलर ज्या भावाने विकत घेते त्याने गुणा. 'झिरो कमिशन'च्या पाटीला काही अर्थ नाही, कमिशन भावातच बसवलेलं असतं.

चौघांना मिळून आठशे ते हजार डॉलर रोख पुरावेत. जेवण, टॅक्सी, तिकिटं, आईंची बाजारातली खरेदी यात येते. हॉटेल आणि क्रूझचे उरलेले पैसे कार्डाने द्या, मात्र कार्डावर तीन टक्क्यांच्या आसपास जादा लावणारे तिथे बरेच आहेत, आधी विचारा. दुकानोदुकानी क्यूआर दिसेल, पण तो मुख्यतः तिथल्या बँकखात्यांसाठी. आपलं यूपीआय त्यावर चालेल असं धरून जाऊ नका.

डॉलर घेताना पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि व्हिसा लागतो. पन्नास हजारांपर्यंतच रोख रुपये चालतात, त्यावर पैसे खात्यातूनच द्यावे लागतात, म्हणजे तुम्हाला तसंच करावं लागेल. एका लाखावर जीएसटी १८० रुपये. माणशी एका प्रवासात ३००० डॉलरपर्यंत रोख नेता येते, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. पावती जपून ठेवा आणि विमानतळावर घेऊ म्हणून थांबू नका, तिथला भाव बघून बाबांचं डोकं फिरेल.

नोटा काउंटरवरच एकेक करून तपासा. पेनाची खूण, शिक्का, फाटलेला कोपरा असेल तर परत करा. तिकडे अशी नोट नाकारतात किंवा कमी भाव देतात. पाच-दहा-वीसच्या डॉलरनाही अनेक ठिकाणी शंभराच्या नोटेपेक्षा कमी भाव मिळतो, म्हणून वर शंभराच्या म्हटलं. सगळं एका बॅगेत ठेवू नका. वारकरी कमरेला पैशांची कापडी पिशवी बांधतात तसं काही आई-बाबांकडे असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

उतरल्यावर विमानतळावर शंभर डॉलर बदला, बाकीचे शहरात. हनोईत हा ट्रुंग नावाच्या रस्त्यावर आणि हो ची मिन्ह सिटीत बेन थान बाजारालगत सराफांची दुकानं आहेत, इंटरनेटवर सगळे तिथेच पाठवतात, कारण भाव थोडा बरा असतो. पण कायद्याने परवाना असलेल्या ठिकाणीच बदलता येतं. २०१८ मध्ये कान थो शहरात एका इलेक्ट्रिशियनने शंभर डॉलरची एक नोट विनापरवाना सराफाकडे बदलली म्हणून त्याला नऊ कोटी डोंग दंड ठोठावला गेला होता, म्हणजे बदललेल्या रकमेच्या जवळजवळ चाळीसपट. पुढे ओरड झाल्यावर तो माफ झाला, ही गोष्ट वेगळी. पर्यटकाला कुणी पकडायला बसलेलं नसतं, तरी तुमच्या रकमेवर वाचून वाचणार किती? मी बँकेत जाईन. पासपोर्ट न्या, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बँका बंद असतात, आणि रविवारी जाऊच नका.

आता खरी गोंधळाची गोष्ट, शून्यं. एका डॉलरला पंचवीस-सव्वीस हजार डोंग, रुपयाला साधारण तीनशे. पाटीवर ५०.००० दिसलं तर ते पन्नास हजार, तो टिंब दशांशाचा नाही. कुणी नुसतं ५० किंवा '५०के' लिहितं, तेही पन्नास हजारच. मनात शेवटची तीन शून्यं उडवा, उरलेल्याला तीनने गुणा आणि थोडं वाढवा, रुपये आले. म्हणजे ५०के म्हणजे दीडशे-पावणेदोनशे रुपये.

सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह या नेत्याचाच चेहरा, त्यामुळे चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. वीस हजार आणि पाच लाख दोन्ही निळ्या. अंधाऱ्या टॅक्सीत एकीच्या जागी दुसरी गेली तर पंचवीसपट पैसे गेले. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि देताना आकडा तोंडाने म्हणा. प्लास्टिकच्या करकरीत नोटा एकमेकींना चिकटतात, अंगठ्याने सोडवून मोजा.

एटीएममधून काढायची वेळ आली तर एका वेळी बहुधा दोन-तीन दशलक्ष डोंगच निघतात आणि दर वेळी शुल्क पडतं. मशीनने 'रुपयांत रक्कम दाखवू का' असं विचारलं तर नाही म्हणा, डोंगमध्येच वळती होऊ द्या, नाहीतर भाव मशीनवाला ठरवतो.

डोंग लागतील तसेच बदला. इथे परत आणलेले डोंग घ्यायला कुणी सहज तयार होत नाही, आणि तिथे पुन्हा डॉलर करायला बँक तिकीट-कागद मागते. शेवटच्या दिवशी उरलेले विमानतळावर खाण्यापिण्यात संपवा. डॉलर उरले तर घाई नाही, २००० डॉलरपर्यंत नोटा पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवता येतात, त्यावरच्या मात्र परतल्यापासून १८० दिवसांत मोडाव्या लागतात.