इलेक्ट्रिक कारचे ब्रेक अधूनमधून नीट लागत नाहीत. सर्व्हिस सेंटर म्हणतं दोष नाही. गाडी परत करता येईल का?

परत करण्याचं नंतर बघू. आधी सांगा, ते ‘दोष नाही’ म्हणाले ते चाक खोलून म्हणाले की नुसता कॉम्प्युटर जोडून? माझ्या वेळी कॉम्प्युटर जोडला, एरर कोड आला नाही, गाडी धुतली आणि परत दिली. वर सल्ला फुकट.

तो सल्ला मला अजून पाठ आहे. मी पाचगणीला राहते आणि खाली वाईत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. सकाळी पसरणी घाट उतरायचा, दुपारी चढायचा. गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, चालवते मी. आणि गाडी शिकले ती वडिलांच्या टेम्पोवर, याच घाटात, मागे स्ट्रॉबेरीचे क्रेट भरलेले असताना. खालच्या थरातलं फळ दबलं की व्यापारी भाव पाडायचा, त्यामुळे ब्रेकवर पाय कसा ठेवायचा हे मला कुणी सांगायची गरज नाही. तर तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, “सर, मॅडमना ईव्हीची सवय नाहीये. पेडल जरा डीप दाबायला सांगा.” आणि आमचे हे म्हणाले, “हो, सांगतो.”

यावर घरी काय झालं ते इथे लिहीत नाही.

तक्रार काय होती, तर काही सकाळी गाडी घाटात अगदी शहाण्यासारखी उतरायची आणि काही सकाळी दांडेघरचा नाका ओलांडून उतार सुरू झाला की सुटल्यासारखी पळायची. ब्रेक दाबला की लागायचा, पण उशिरा, आणि स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं छान. नवऱ्याने रविवारी चालवून बघितली, तेव्हाही छान. मग काय, ‘तुलाच वाटतं’ हे ठरूनच गेलं.

मी हजेरीच्या जुन्या कागदांच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. सकाळी निघताना चार्ज किती, रात्री पाऊस होता का, कुठल्या वळणावर काय झालं. थोड्याच दिवसांत चित्र दिसलं. रात्री घरी चार्जिंगला लावून 100 टक्के करून निघाले की गाडी सुटते. आदल्या दिवशीच्या चार्जवर निघाले की धरते. रविवारी गाडी कधीच फुल नसायची, म्हणून यांना काही जाणवलं नाही.

कारण बारावीच्या पुस्तकातलं आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालते, चाकांची गती वीज होऊन बॅटरीत जाते आणि गाडी आपोआप धरली जाते. यालाच रीजन (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग) म्हणतात. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज ठेवणार कुठे? म्हणून कंट्रोलर रीजन बंद करतो नाहीतर अगदी कमी करतो. पाचगणी ते वाई साधारण 550 मीटरचा उतार धरा, माणसांसकट गाडी 1500 किलो धरा. हिशेब सव्वादोन युनिटच्या आसपास येतो. टायर आणि वारा त्यातलं थोडं खातात. उरलेल्यात बादलीभर पाणी उकळेल, आणि एवढी सगळी उष्णता त्या सकाळी एकट्या ब्रेकच्या डिस्कवर. पेट्रोल गाडीत दुसऱ्या गिअरवर टाकलं की इंजिन धरतं, त्याला टाकी भरलेली आहे की रिकामी याच्याशी घेणंदेणं नसतं. (आमच्या दिरांना हे वाक्य फार आवडेल. त्यांनी पुढचंही वाचावं.)

इथवर ॲडव्हायझर म्हणेल, बघा, दोष नव्हताच, सिस्टीमच तशी आहे. मग स्टिअरिंग उजवीकडे का ओढत होतं?

माझी गाडी दर वेळी खाली साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत बॅटरी बरीच उतरलेली असायची. म्हणजे रीजन पूर्ण जोरात चालू. ते लोक सपाट रस्त्यावर एक चक्कर मारायचे आणि ‘ओके’ लिहायचे. पुढच्या खेपेला मी एकटी गेले आणि सांगितलं, तुमच्याच चार्जरवर 100 टक्के करा आणि मग चालवा, मी थांबते. दुपार गेली माझी तिथे. शेवटी एक वयस्कर फिटर गाडी घेऊन गेले, परत आले आणि कुणाशी काही न बोलता पुढचं डावं चाक खोलायला बसले.

कॅलिपर म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा, तो ज्या पिनांवर सरकतो त्या दोन्ही जाम होत्या. एक तर हातोडीचे ठोके दिल्यावरच हलली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्यावर ग्रीसऐवजी तपकिरी भुकटी होती. बाहेरच्या बाजूचा पॅड जवळजवळ नवा, आतला त्याच्या निम्मा. डिस्कच्या बाहेरच्या अंगाला गंजाचा रुंद पट्टा, म्हणजे तिथे पॅड धड टेकतच नव्हता. फिटरमामांनी त्या पट्ट्यावर नख घासून मला दाखवलं आणि म्हणाले, “ब्रेक वापरातच नाही हो गाडीचा.”

अगदी बरोबर. रोजचं ऐंशी टक्के काम मोटरच करत असेल तर पॅड आणि डिस्क नुसत्या बसून असतात, आणि आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. फोक्सवॅगनने आयडी.3 ला मागे चक्क ड्रम ब्रेक दिले, त्यामागे हेही एक कारण आहे, बंद ड्रम सहजी गंजत नाही. माझा डावा ब्रेक रोजच अर्धा मेलेला होता. रीजन चालू असलं की मोटर ते झाकायची, बॅटरी भरलेली असली की उघडं पडायचं. दोष अधूनमधून येत नव्हता, दिसत अधूनमधून होता. पिना साफ झाल्या, नवं ग्रीस, पुढचे चारही पॅड नवे, डिस्क मशीनवर घासून घेतल्या. बिलावर मात्र छापलं ‘जनरल चेकअप’. मी ते बदलून घेतल्याशिवाय हलले नाही.

‘तुम्हाला तसं वाटतं’ हे उत्तर फक्त आपल्याकडेच मिळतं असंही नाही. 2010 मध्ये टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीचे चालक सांगत होते की खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा होतो. टोयोटाच्या अधिकाऱ्यांनी आधी तो चालकाला जाणवण्याचा प्रश्न ठरवला. त्याच फेब्रुवारीत त्यांना चार लाखांवर हायब्रिड गाड्या परत बोलावून एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं. तुमचा ब्रेक खड्ड्यावर किंवा स्पीडब्रेकरवरच सुटतो का ते बघा. चाक उसळलं की रीजन झटकन बंद होतं आणि साध्या ब्रेकने ते काम उचलेपर्यंत पोटात गोळा येतो. तसं असेल तर सॉफ्टवेअरचं अपडेट आहे का ते लेखी विचारा. पेडल अचानक दगडासारखं कडक होत असेल तर बूस्टर (पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारा भाग) बघायला सांगा, आणि सोबत साधी 12 व्होल्टची बॅटरीही. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीचे पहिले एकदोन ब्रेक खरखरले तर त्याचं काही मनावर घेऊ नका.

आता परत करण्याचं. माझं स्पष्ट मत, एवढ्यावर कुणी गाडी परत घेत नाही आणि तुम्ही त्या मागे लागलात तर ब्रेक तसाच राहील. ग्राहक आयोगापुढे उत्पादनातला दोष सिद्ध करावा लागतो, त्याला तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि जॉबकार्डं लागतात. म्हणून दर खेपेला तुमची तक्रार तुमच्या शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्या. ‘ब्रेक चेक’ एवढंच लिहू देऊ नका. कधी, किती चार्जवर, कुठल्या बाजूला ओढते, सगळं. तरी ऐकलं नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. गाडी 50 लाखांपर्यंतची असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तोही तुम्ही राहता त्या जिल्ह्यातला चालतो. 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची. परिवहन मंत्रालयाकडेही सुरक्षेच्या दोषाची ऑनलाइन तक्रार करता येते. 1 एप्रिल 2021 पासून रिकॉलचे नियम लागू आहेत, सात वर्षांपर्यंतच्या गाडीला. पुरेशा तक्रारी जमल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. एकट्याच्या तक्रारीने काय होणार म्हणून लोक ती करत नाहीत, म्हणून त्या जमत नाहीत.

एक राहिलं, खरं तर आधी लिहायला हवं होतं. पेडल दाबल्यावर खाली खाली जात असेल किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला असेल तर वरचं सगळं विसरा, गाडी जागेवरून हलवू नका, टो करून न्या. आणि माझ्यासारखी फुल चार्जवरची ब्रेकची परीक्षा घाटात घेऊ नका, मोकळ्या सपाट रस्त्यावर घ्या, मागे कुणी नाही बघून. प्रत्येक कंपनीची ब्रेकची मांडणी वेगळी असते, तुमच्या गाडीत पिना ठणठणीतही निघतील. पण चाक खोलायला लावा. दोन वर्षं झाली असतील तर ब्रेक ऑइलही बदलून घ्या, गाडी कितीही कमी चालली असली तरी.

डोंगरावर राहत असाल तर चार्जिंगची मर्यादा 90 टक्क्यांवर ठेवा. माझ्या गाडीत ते सेटिंग आमच्या यांनीच केलं, आणि आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घाट, रीजन आणि बादलीभर पाणी असं सगळं तेच समजावून सांगतात. मी चहा टाकायला उठते.