क्लाउडचं बिल तीन टीममध्ये वाटायचं कसं?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा कळला: संभाजीनगरात कंपनी, तीन टीम, एडब्ल्यूएसचं (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचं) एकच खातं, आणि बिल वाढलं की तिघंही हात वर करतात. म्हणून सरळ तीन समान वाटे करावेत का?

नका करू. त्यात काटकसर करणारा भरडला जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत तोही हात सैल सोडतो.

आधी टीमनिहाय खाती वेगळी करा. ती ऑर्गनायझेशन्समध्ये (अनेक खाती एकत्र बांधायच्या एडब्ल्यूएसच्या सोयीत) जोडली की बिल एकत्रच येतं, पण कुणाचं किती ते आपोआप दिसतं. टॅग, म्हणजे सर्व्हर-डिस्कला लावायची नावाची चिठ्ठी, त्याच्या आतल्या अ‍ॅप्लिकेशनसाठी ठेवा. आमच्याकडं सगळी भिस्त टॅगवर होती, तर एकाच टीमची नावं पाच तऱ्हेची निघाली: कुठं कॅपिटल 'पी', कुठं लहान, कुठं शेवटी 'एस' जास्तीचा. एडब्ल्यूएसला ती पाच वेगळी नावं वाटतात. शिवाय टॅग नुसता लावून भागत नाही, बिलिंगमध्ये जाऊन तो अ‍ॅक्टिव्हेट करावा लागतो. मागच्या 12 महिन्यांचं बॅकफिल (जुन्या खर्चालाही टॅग लागू करणं) मागता येतं, पण तेव्हा त्या सर्व्हर-डिस्कवर टॅगच नसेल तर काही हाती लागत नाही.

खरं भांडण सामाईक खर्चावर होतं. तुमचं कुबरनेटीस क्लस्टर (सगळ्या टीमची अ‍ॅप्लिकेशन जिथं एकत्र चालतात तो सर्व्हरांचा गट) म्हणजे भावकीतली विहीर समजा. गाळ काढायचा खर्च हिश्शाप्रमाणे, पाणी पाळीच्या तासांप्रमाणे. तसंच कंट्रोल प्लेन (क्लस्टरचा कारभार बघणारा भाग), मॉनिटरिंग यांचा खर्च आधी ठरलेल्या हिश्शानं लावा आणि सीपीयू-मेमरीचा वापराप्रमाणे. यात एक मेख आहे. एखाद्या टीमनं 8 जीबी मेमरी राखून ठेवली आणि वापरली 2 जीबी, तर 8 चेच पैसे लावा. पाळी घेऊन मोटर चालू केली नाही म्हणून शेजाऱ्याला पाणी मिळालं असं होत नाही ना! ओपनकॉस्ट हे कुबरनेटीसचा खर्च मोजणारं साधनही राखलेलं आणि वापरलेलं यांतला मोठा आकडा धरतं.

बेवारस खर्चही शोधा. सर्व्हर डिलीट केला तरी नंतर जोडलेल्या डिस्क मागं राहतात आणि त्यांचं भाडं चालूच असतं. फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 पत्त्याला (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला) तासाला 0.005 डॉलर लागतात, म्हणजे महिन्याला साधारण 3.65 डॉलर. आमच्याकडं असे चाळीसेक पत्ते सापडले. मालक कोण, तर कुणीच नाही!

आणि लगेच कुणाच्या बजेटमधून पैसे कापू नका. तीन महिने टीमनिहाय आकडे नुसते सगळ्यांसमोर ठेवा. पहिल्या महिन्यात आकड्यांवरच वाद होईल, होऊ द्या, चुका त्यातूनच सापडतात. बजेट अलर्टही लावा, पण त्यानं फक्त मेल येतो, खर्च थांबत नाही, हे मॅनेजरला आधीच सांगून ठेवा.

सध्या बिलातला किती टक्के खर्च बिनटॅगचा आहे, तेवढा आकडा इथं टाका. तो 30 च्या वर असेल तर वाटणीचं नंतर बघू, आधी टॅगच नीट करावे लागतील.