लेव्हलिंगच्या (बिंदूंमधले उंचीचे फरक मोजण्याच्या) जाळ्यात चूक शोधणाऱ्या टेस्टमध्ये नापास झालेल्या सगळ्या रेषा, म्हणजे दोन बिंदूंमधली मोजमापं, एकदम काढल्या तर चालेल का, की रोबस्ट (संशयित मोजमापाचं वजन कमी करणारी) पद्धत वापरावी?

एकदम काढू नका. लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे सगळी मोजमापं एकमेकांशी जुळवणारं नेहमीचं समायोजन, चूक एका जागी ठेवत नाही, शेजारच्या रेषांत वाटून टाकते. या कारणाने चांगली रीडिंग्ज फेकली जातात आणि दोष स्टाफमनच्या (मोजपट्टी धरणाऱ्याच्या) माथी येतो, याची मला मनापासून चीड आहे.

आकडेच बघा. क बेंचमार्क (उंची माहीत असलेला बिंदू), ख, ग, घ यांच्या उंच्या अज्ञात. सहाही जोड्यांत समान वजनाची रेषा, प्रत्येकीचा सिग्मा (अपेक्षित प्रमाण त्रुटी) 2 मिमी. कख मध्ये 40 मिमीची चूक घाला, बाकी पाच निर्दोष ठेवा. समायोजनानंतर कख चा रेसिड्युअल (मोजलेल्या आणि जुळवलेल्या मूल्यातला फरक) 20 मिमीच येतो, कारण इथे प्रत्येक रेषेचा रिडंडन्सी नंबर (तिच्या चुकीचा किती भाग तिच्याच रेसिड्युअलमध्ये दिसतो ते) 0.5 आहे. कग, कघ, खग, खघ या चौघींवर प्रत्येकी 10 मिमी चढतात. गघ मात्र शून्यावर. रेसिड्युअलचा सिग्मा 1.41 मिमी, म्हणजे प्रमाणित मूल्यं (रेसिड्युअल भागिले त्याचा सिग्मा) 14.1 आणि 7.1. बार्डा या डच भूमापनशास्त्रज्ञाच्या, चुकीची रेषा शोधणाऱ्या चाचणीची नेहमीची मर्यादा 3.29. सहापैकी पाच रेषा नापास! त्या सगळ्या काढल्यात तर एका रेषेवर तीन उंच्या काढायची वेळ येईल.

बार्डाची रीत अशी: सगळ्यांत मोठं प्रमाणित मूल्य असलेली एकच रेषा काढा, पुन्हा समायोजन करा, पुन्हा तपासा. कख काढल्याबरोबर बाकीच्या चौघी निर्दोष ठरतात.

ह्यूबरची पद्धत, म्हणजे तुम्ही विचारलेल्या रोबस्ट पद्धतींपैकी एक, काढाकाढी न करता, फेरीफेरीने वजनं बदलत हेच साधते. उंबरठा 1.5 सिग्मा, म्हणजे 3 मिमी. रेसिड्युअल त्याच्या आत असेल तर वजन 1, बाहेर गेला तर 3 भागिले रेसिड्युअल. पहिल्या फेरीत कख ला 0.15, शेजाऱ्यांना 0.3. या फेरीवर थांबू नका. इथे शेजारीही दोषी दिसतात. वजनं स्थिरावली की कख चा रेसिड्युअल 37 वर जातो, वजन 0.08 उरतं, शेजारी 1.5 मिमीवर उतरतात आणि पूर्ण वजनाने परततात. तरी ख च्या उंचीत 3 मिमी चूक राहतेच, कारण ह्यूबर वजन कधी शून्य करत नाही. म्हणून मी ती फक्त गुन्हेगार शोधायला वापरतो. रेषा सापडली की फील्डबुक उघडायचं, ती पुन्हा मोजायची आणि शेवटचं समायोजन साध्या लीस्ट स्क्वेअर्सनेच करायचं. "सॉफ्टवेअरने वजन कमी केलंय, झालं" हा युक्तिवाद मला मान्य नाही.

सिग्मा आधी ठरवा. त्याच बिघडलेल्या डेटातून काढलात तर चूक सिग्मालाच फुगवते आणि टेस्टमधून सुटते.

आणि हो, एखादा बिंदू एकाच रेषेने लटकलेला असेल तर त्या रेषेचा रिडंडन्सी नंबर शून्य असतो. तिथे 40 मिमी काय, 4 मीटर चुकलात तरी रेसिड्युअल शून्यच दाखवेल. एकमेव बेंचमार्कची उंची चुकीची असेल तरी तसंच. तिथे ह्यूबर आणि बार्डा दोघंही आंधळे. दुसरी रेषा किंवा दुसरा बेंचमार्क जोडावाच लागतो.