दाखला आहे म्हणून इंजिन मूळचं ठरत नाही

दोन जुन्या, संग्राह्य गाड्यांपैकी कुठली घेऊ, हा तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या. पहिलीचा मूळ रंग फिकट पडलाय, दारांच्या खालच्या कडा गंजल्यात, सीट उसवल्यात, पण पहिल्या मालकापासूनची बिलं जपून ठेवलेली आहेत. दुसरी आतून-बाहेरून चकाचक, आणि विक्रेत्याकडे चॅसिस-इंजिन 'मॅचिंग' असल्याचा, म्हणजे कारखान्यातून निघताना बसवलेलं इंजिनच अजून गाडीत असल्याचा दाखला. भाव अर्थातच दुसरीचा जास्त. माझ्यापुढे जवळपास हाच पेच होता, आणि मी दाखलेवाली घेतली होती.

गाडी थंड असताना चालू करून बघणं, खालून बघणं, चालवून बघणं हे सगळं तुम्ही करालच, त्यात शिरत नाही. थेट दाखल्यावर येतो.

माझ्या गाडीचा दाखला एका अशा कार्यालयाचा होता ज्याचं काम जुन्या नोंदी बघून आकडे पडताळून देणं हेच आहे. कुठलं कार्यालय, कुठली गाडी, ते मुद्दाम लिहीत नाही. एक सांगितलं की दुसरं लगेच कळतं आणि मला नवा वाद नको आहे. दाखल्यावर शिक्का, सही, खाली 'आमच्या अभिलेखांवरून' असं ठळक वाक्य. विक्रेत्याने त्या कागदाच्या जोरावर भाव वाढवून घेतला होता आणि त्यात मला वावगं काही वाटलं नाही.

पुढे ठरीव रकमेचा (गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला) विमा काढायचा म्हणून मूल्यांकन करणारे गृहस्थ आले. त्यांनी ब्लॉकवरची (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरची) जिथे इंजिन क्रमांक ठोकलेला असतो ती ठशाची जागा चिंधीने पुसली, टॉर्च तिरपा धरला आणि आकडे मोठ्याने वाचत गेले. मी दाखला हातात धरून जुळवत होतो. शेवटून दुसरा आकडा ब्लॉकवर ३, दाखल्यात ८. ते थांबले. पुन्हा पुसलं, पुन्हा वाचलं. ३ च.

विक्रेत्याने दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात दाखल्यासाठी त्याने केलेल्या अर्जाची प्रत सापडली. त्याच्या अक्षरात ३ ची दोन्ही टोकं इतकी आत वळलेली की कोणीही ८ च वाचेल. म्हणजे त्या कार्यालयाने नोंदवही उघडलीच नव्हती. अर्जावरचा आकडा जसा वाचला तसा टंकून, वर 'अभिलेखांवरून' लिहून शिक्का मारून दिला होता. अर्जात काहीही लिहिलं असतं तरी तेच प्रमाणित होऊन आलं असतं!

त्यानंतरचा पत्रव्यवहार आठवला तरी डोकं उठतं. आधी म्हणाले, दाखला अर्जदाराने दिलेल्या माहितीवर आधारित असतो. मग 'अभिलेखांवरून' हे शब्द कशाला, याला उत्तर नाही. मग म्हणाले, मूळ अर्जदार तुम्ही नाही, त्यामुळे दुरुस्ती मागता येणार नाही. नव्याने अर्ज केला, शुल्क पुन्हा भरलं, तर कित्येक महिन्यांनी कळवलं की त्या काळातली नोंदवही सध्या पाहायला उपलब्ध नाही. फोनवर प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवायचा. शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिला नाही.

यातली खरी गोम अशी की माझं इंजिन कदाचित मूळचंच असेल. आजही मला माहीत नाही. पण विमावाल्यांनी आणि नंतर चौकशीला आलेल्या प्रत्येकाने 'सिद्ध नाही' म्हणूनच किंमत लावली. मूळपणासाठी मोजलेले जास्तीचे पैसे त्या एका आकड्यात गेले.

त्यामुळे माझं मत, थोडं कडवट आहे हे मान्य करून: गाडीची अवस्था तुम्ही स्वतः बोटाने, डोळ्याने, मॅग्नेटने तपासू शकता, तिच्यासाठी पैसे मोजा. मूळपणासाठी मोजायचे तर पुरावा विक्रेत्याच्या हातून न आलेला हवा. नोंदींचा उतारा स्वतः मागवा, आणि अर्जात इंजिन क्रमांक लिहूच नका. फक्त चॅसिस क्रमांक द्या आणि इंजिन क्रमांक त्यांना सांगू दे. काही ठिकाणी दोन्ही भरल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. तिथल्या दाखल्याला माझ्या लेखी रद्दीची किंमत.

कागदाबाहेरचे पुरावे जास्त बोलतात. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे (पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडल्याचे) गोल खळगे पत्र्याच्या कडेने ओळीत दिसतात. नंतर पॅनल बदलला असेल तर ती ओळ मोडते किंवा घासून सपाट झालेली असते. बऱ्याच गाड्यांच्या काचांवर उत्पादनाची सांकेतिक तारीख असते. सगळ्या काचा एका काळातल्या आणि एकच नंतरची, तर त्या कोपऱ्यात काय झालं ते विचारा. बऱ्याच अमेरिकन गाड्यांच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते, ती गाडी तयार झाल्याच्या तारखेआधीची हवी. नंतरची असेल तर चर्चा संपली. जुन्या शेव्हरोले इंजिनांच्या ठशाच्या जागेवर यंत्रकामाच्या बारीक समांतर रेघा असतात. त्या घासून गुळगुळीत केलेल्या दिसल्या तर आकडे नंतर ठोकलेले असण्याची शंका घ्या. रंगाची जाडी मोजायचं यंत्र उसनं मिळालं तरी आणा. कारखान्याचा रंग साधारण शे-दीडशे मायक्रॉनच्या आसपास भरतो. आकडा हजारावर गेला तर खाली पुट्टी आहे.

दुसऱ्या गाडीच्या चकाकीचं मला म्हणूनच फार कौतुक वाटत नाही. नवीन कार्पेटखाली काय आहे ते कोणी दाखवलंय का? एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या मोनोकॉक (वेगळा सांगाडा नसलेल्या, पत्र्याच्या बॉडीवरच सगळा भार असलेल्या) गाडीत दाराखालची सिल म्हणजे नुसती पट्टी नव्हे, गाडीचा कणाच आहे. तिथे वरून पत्रा झाकून रंग मारला असेल तर गाडी चकाचक दिसेल आणि जॅक लावल्यावर दाराची फट बदलेल. ही परीक्षा कराच. जॅक लावण्याआधी आणि नंतर दार उघडून बंद करून बघायचं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी मूळपणाच्या विरोधात आहे असं वाटेल. वारा सध्या जपलेल्या गाड्यांच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत २०२४ साली सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्सला मिळाला. नव्याने न सजवलेल्या, जपलेल्या गाडीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि मूळ म्हणजे वापरायला चांगलं असंही नाही. १९६१ ची जग्वार ई-टाइप घ्या. अगदी सुरुवातीच्या गाड्यांचा फ्लोअर सपाट होता, उंच माणसाला पाय कुठे ठेवू असं व्हायचं. १९६२ मध्ये तो खोलगट केला. तरी संग्राहक धावतात त्या सपाट, अवघडलेल्या गाडीमागे. तुम्हाला गाडी चालवायची आहे की ठेवायची आहे, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ते आधी ठरवा.

किती भाग बदलले की गाडी ती राहत नाही, यावर तर कोर्टात भांडणं झाली आहेत. १९२९ आणि १९३० ची फ्रान्समधली ल मां ही २४ तासांची शर्यत जिंकलेली बेंटली स्पीड सिक्स, 'ओल्ड नंबर वन', हिच्या विक्रीचा वाद १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला. शर्यतीच्या वेळचे भाग तिच्यात फारसे उरलेच नव्हते. निकाल असा की तिला शर्यत जिंकलेली मूळ गाडी म्हणता येणार नाही, पण इतिहास सलग असल्यामुळे खरी ओल्ड नंबर वन तीच. तुमच्या पहिल्या गाडीकडे तो सलग इतिहास बिलांच्या रूपाने आहे. मी तिच्याकडे झुकतोय ते त्यामुळे.

पण गंज. दारांच्या कडांचा गंज मला घाबरवत नाही, तो दिसतोय आणि निघतो. सिल, सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा आणि विंडस्क्रीनच्या खालची चौकट हे सडलेलं असेल तर कितीही मूळ असली तरी सोडून द्या. मूळ गंजाला कोणी जास्त पैसे देत नाही. (मी मेकॅनिक नाही, जुन्या गाड्यांत पैसे घालवलेला माणूस आहे. तुमच्या मॉडेलचा जाणकार वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.)

पहिली घेतलीत तर लगेच रंगाला देऊ नका. हलकं पॉलिश, सीटना टाके, ब्रेकचे होज आणि इंधनाच्या रबरी नळ्या मात्र डोळे झाकून नवीन. टायरवर छापलेली चार आकडी आठवडा-वर्षाची खूण बघा, नक्षी कितीही शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलात किंवा ठिणगीसाठीच्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलंत तर नाकं मुरडणारे मुरडोत. फक्त भोकं पाडू नका, काही कापू नका, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. गॅरेजवाल्याला आधीच बजावा, नाहीतर तो 'कचरा' म्हणून फेकून देतो.

दुसरीचा विचार अजून पक्का सुटला नसेल तर विक्रेत्याकडे दोनच गोष्टी मागा: दाखल्यासाठी केलेल्या अर्जाची प्रत, आणि ब्लॉकवरच्या ठशाचा तिरप्या उजेडातला फोटो. दोन्ही इथे टाका, मी बघतो. प्रत 'सापडत नाही' म्हणाला तर तेही कळवा.