शेजार नेमून द्यावा लागतो

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेचं गळकं छप्पर, पावसाळ्यात तुटणारा रस्ता, मोबाईलला रेंज नसणं, हे सगळं मला ठाऊक आहे. मेळघाटात नोकरी म्हटली की ते आलंच. खरी गोष्ट तू शेवटच्या चार ओळींत लिहिलीस. खिचडी वाढताना ढान्यावरचं, म्हणजे गावाबाहेरच्या आदिवासी वस्तीवरचं, कोरकू पोरगं शेजारी येऊन बसलं, तसं गावठाणातल्या एका मुलीनं आपलं ताट चार बोटं मागे ओढलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा घरून डबा यायला लागला. आणि तू मला विचारतोस, "सर, राष्ट्रीय एकात्मतेवर एखादा कार्यक्रम घेऊ का?"

नको घेऊ. फलक लागेल, पाहुणे येतील, पोट्टे वेगवेगळे पोशाख घालून नाचतील, फोटो निघतील. दुसऱ्या दिवशी पंगत बसेल तेव्हा ती चार बोटं तिथंच असतील. शेजार आपोआप होत नाही बाप्पा, तो नेमून द्यावा लागतो. मी उभ्या नोकरीत हेच म्हणत आलो आणि आजही हेच म्हणतो.

आपल्याकडे निरनिराळी माणसं कमी आहेत का? कोरकू बोलणारा धारणीत आहे, त्याच्या भाषेचं नातं थेट झारखंडच्या संथालीशी. गोंडी आणि कोलामी तेलुगूच्या कुळातल्या. जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलतात, तिचं तर जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी. एवढं सगळं एका विदर्भात नांदतं. पण जो तो आपल्या टोलीत, आपल्या पुऱ्यात, आपल्या ढान्यावर. बाजाराच्या दिवशी एकमेकांना पाहायचं, सौदा करायचा आणि परत फिरायचं. याला लोक गुण्यागोविंदानं राहणं म्हणतात. मी नाही म्हणत.

तू लिहितोस, "जबरदस्तीनं माणसं जवळ येतात का?" मग सिंगापूरचं ऐक. 1964 साली तिथं मलय आणि चिनी लोकांत दंगली पेटल्या, माणसं मेली. पुढे लोक सरकारनं बांधलेल्या घरांत राहायला गेले, आणि तिथंही हळूहळू आपापले मोहल्ले धरू लागले. तेव्हा 1989 मध्ये सरकारनं नियमच केला. प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक वस्तीत कोणत्या समाजाची जास्तीत जास्त किती घरं असतील, याची मर्यादा ठरवली. ती भरली की त्या समाजाच्या नव्या माणसाला तिथं घर नाही. आजही तिथले दहापैकी जवळपास आठ रहिवासी अशाच सरकारी घरांत राहतात. म्हणजे लिफ्ट एक, जिना एक, खाली खेळायची जागा एक. या नियमाचा काच आहे, तोही सांगतो, कारण तो लपवून तुला पटवायचं नाही. इमारतीतली चिनी लोकांची मर्यादा भरलेली असली, की तिथल्या मलय किंवा भारतीय कुटुंबाला आपलं घर चिनी माणसाला विकता येत नाही. गिऱ्हाईक कमी मिळतं, भाव पडतो. लोक तक्रार करतात आणि ती तक्रार खरी आहे. तरी त्यांनी नियम टिकवला. नुसत्या सद्भावनेवर सोडलं तर काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं होतं.

आता मॉरिशस. त्या बेटावर मूळचं कुणीच नाही. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज, भोजपुरी, तमिळ, तेलुगू, चिनी, आणि आपल्या कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेली मराठी माणसं, सगळे समुद्र ओलांडून आलेले. मराठी त्यात मूठभर. तरी गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. तशीच ईदला, चिनी नववर्षाला, तमिळांच्या कावडीला. मूठभरांच्या सणाला सगळ्यांची शाळा बंद राहते, तेव्हा बाकीच्या पोरांना कळतं की हेही आपल्याच घरातले. स्वित्झर्लंडनं 1938 साली मतदान घेऊन रोमान्शला चौथी राष्ट्रभाषा केलं. आज ती मुख्य भाषा म्हणून बोलणारे शंभरात एकसुद्धा नाहीत. आणि तुझ्या वर्गात अर्धी पोरं कोरकू असून भिंतीवर कोरकूची एक ओळ नाही, हे तूच लिहिलंयस!

मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण त्याची चर्चा तू दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली असशील. पंगत हजेरी क्रमांकानं बसवायची. पाण्याची बादली पाळीपाळीनं प्रत्येक पोरानं फिरवायची, आणि त्याच्या हातचं पाणी सगळ्यांनी घ्यायचं. बस, एवढंच. गावातली वजनदार मंडळी घरी आली, आधी गोड बोलली, मग तक्रार वर गेली आणि माझी बदली झाली. लोक हटवादी म्हणाले. असेन. पण नियम सुरू असेपर्यंत घरचे डबे एकेक करून बंद झाले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच पोरांनी पुढे एकमेकांच्या लग्नात वाढपं केली. माझ्यामागे नियम बंद पडला, याची खंत अजून जात नाही. आणखी दोन वर्षं मिळाली असती तर त्या गावात आज वेगळं चित्र दिसलं असतं, हे मी कुणासमोरही ठामपणे सांगेन.

तेव्हा तुझी "आधी पालकांची मनं वळवतो, मग बघू" ही भाषा मला सहन होत नाही. मनं कधी वळतील? पोरगी तोवर सातवी पास होऊन जाईल. तिच्यावर रागावू मात्र नकोस. तिनं घरात पाहिलं तेच केलं. डबा आणते तर आणू दे, पण बसायचं क्रमांकानं. हा आग्रह गोड बोलून धर, हसून धर, पण धर.

दुसरं काम समितीचं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. तुझ्या समितीत ढान्यावरचं एकच नाव आहे आणि तो माणूस अंगठा देऊन परत जातो, असं तू लिहितोस. कायदा तुझ्या बाजूनं आहे आणि तू कार्यक्रमाचं बघतोयस! पालकसभा ढान्यावरच घे, कामाच्या वेळेला नाही, संध्याकाळी. कोरकू बायकांना त्यांच्याच भाषेत बोलू दे, कुणाला तरी मराठीत सांगायला बसव. इतिवृत्त त्यांना वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा घेऊ नकोस.

सभेची तारीख ठरली की कळव. मी परतवाड्याहून एसटीनं येईन. गावठाणातल्या मंडळींना माझ्याशी बोलायचं असेल तर अवश्य बोलव, मला त्यांच्याशी बोलायचंच आहे.

तुझा,
सर